ठीक दहाचे सात फोटो

स्टुडिओवाल्याने दोन पाकिटं काउंटरवर ठेवली, पण त्यांच्यावरचा हात काही उचलला नाही.

"एक विचारू का? राग मानू नका," तो म्हणाला.

"विचारा," थोरला म्हणाला.

"दोन रोल, बेचाळीस फोटो. बेचाळीसच्या बेचाळीस फोटोंत भिंतीवरचं घड्याळ. तेच घड्याळ, तीच भिंत, दहाचाच सुमार. घरात माणसं नाहीत का तुमच्या?"

"आहेत की. चिक्कार आहेत," असं म्हणून थोरल्याने पाकिटं ओढून घेतली आणि तो बाहेर पडला.

आता याला काय समजावणार? घड्याळवाल्यांच्या या घरात आजोबांच्या वेळेपासून एक नियम होता. दुरुस्त झालेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे. सात दिवस ते फळीवर राही आणि रोज सकाळी दहाला भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून बघितलं जाई. सात दिवसांत पुढे-मागे झालं नाही, तरच ते दुकानाबाहेर जाई. पुढे पुढे हा नियम घड्याळांपुरता राहिला नाही. इस्त्री आली, सात दिवस चाचणी. रेडिओ आला, सात दिवस चाचणी. ताईने जावई म्हणून ज्याला घरी आणलं, त्यालाही अण्णांनी सात दिवस रोज दहाला दुकानात यायला सांगितलं होतं, आणि आठव्या दिवशी "वेळ पाळतो" एवढ्या एका गुणावर होकार दिला होता.

मग कॅमेरा तरी कसा सुटेल? धाकटीला, म्हणजे धाकट्या सुनेला, सातवा महिना लागला होता. बाळाच्या जन्माआधी घरात एक स्वतःचा कॅमेरा हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि कोणता हवा यावर लगेच दोन मतं झाली. छोटूने (तो चौतिशीचा होता, पण घरात छोटूच) ओळखीच्या दुकानदाराकडून एक नवाकोरा काळा कॅमेरा आठवड्यासाठी आणला. हलका, सगळं आपोआप, अंधार पडला की स्वतःच फ्लॅश वर काढणारा. थोरल्याने एका जुन्या गिऱ्हाइकाकडचा वापरलेला कॅमेरा आणला. धातूचा, हातात वजन लागणारा, नजर लावून रिंग फिरवायचा. घड्याळासारखा तो उघडून दुरुस्त करता येईल, हे त्याचं म्हणणं. अण्णांनी निकाल दिला: दोन्ही कॅमेऱ्यांची सात दिवस चाचणी. रोज सकाळी, मोठ्या घड्याळासमोर, तिघांनी एकेक फोटो. वयाप्रमाणे. अण्णा ठीक दहाला, थोरला दहा वाजून एक मिनिटाला, छोटू दोन मिनिटांनी आणि मग ऑफिसला.

कॅमेरा माणसांचे फोटो काढायला घेतोय, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

थोरल्याने दुकान उघडलं, अर्धं शटर खाली ठेवलं आणि टेबलावरचा दिवा लावला. रविवार होता, दुपारी चारला सगळे जमणार होते. छोटूच्या कॅमेऱ्याचे फोटो आधी पाहिले. एकवीसच्या एकवीस ठीक, फक्त फ्लॅशमुळे घड्याळाच्या खालच्या अर्ध्या काचेवर पांढराफटक डाग. मग आपल्या कॅमेऱ्याचे काढले. पहिला ठीक दहाचा. घड्याळाची कड दोनदा उमटलेली, आकडे फिसकटलेले. दुसरा, दहा वाजून एक मिनिट: लख्ख. तिसरा, दोन मिनिटं: लख्ख. चौथा पुन्हा ठीक दहा, पुन्हा फिसकटलेला.

त्याने सगळे पत्त्यांसारखे लावले. ठीक दहाचे सात. सातही हललेले.

कॅमेऱ्याची खोड नव्हती. छोटूच्या कॅमेऱ्यात हेच हात लपून गेले होते, कारण फ्लॅश लखकन पडतो आणि हात हलायच्या आत चित्र पकडून मोकळा होतो. इथे नुसता खिडकीचा उजेड होता.

आठ महिने. आठ महिने झाले होते त्याला हे लक्षात येऊन. अण्णांनी दुरुस्त केलेली घड्याळं तो संध्याकाळी, अण्णा वर घरात गेले की, पुन्हा उघडत होता. कुठे एक स्क्रू अर्धवट, कुठे स्प्रिंगला नख लागलेलं. गुपचूप नीट करायचं आणि फळीवर ठेवायचं. बायकोलासुद्धा त्याने सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने पन्नास वर्षं अख्ख्या गावाची वेळ सांभाळली, त्याला "तुमचा हात हलतो" असं पोटच्या पोराने कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितल्यावर ते उद्या सकाळी कुठल्या खुर्चीत बसतील? एकदा त्याने ताईला फोनवर आडून आडून म्हटलं होतं, "अण्णांनी आता आराम करावा." तिने असं काही झाडलं होतं त्याला, की तेव्हापासून दोघं जेवढ्यास तेवढंच बोलत.

त्याने सात फोटो उचलले, आपल्या खणात ब्रशांच्या डब्याखाली सरकवले आणि खण लावून टाकला. झाकली मूठ राहील तितके दिवस राहू दे.

*

ताई आली ती थेट हॉस्पिटलमधून, ड्यूटी संपवून. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तिने सवयीने सगळ्यांवर एक नजर फिरवली. धाकटीचे पाय थोडे सुजलेत, उंच घेऊन बसायला हवं. वहिनी दमलेली. छोटू खुशीत. अण्णा आपल्या खुर्चीत, कोटाच्या उजव्या खिशात हात घालून, पंखा चालू असताना. म्हातारपणी थंडी जास्त वाजते, तिने मनात म्हटलं. आणि दादा कोपऱ्यात, चोरासारखा.

आईने वरून चहा आणला. सगळ्यांना भरून कप, अण्णांना अर्धा. अण्णांना काठोकाठ चहा लागायचा, कपातला चहा बशीत सांडला नाही तर तो मोजून दिलाय म्हणायचे. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. आता चहासुद्धा अर्धा? खुर्ची काढून घ्यायची तयारी कपापासूनच चालू झाली म्हणायची.

"चला, लागा कामाला," छोटूने दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवले. "माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. हा दाबायचा, झालं."

"आणि बिघडला की फेकायचा, झालं," थोरला म्हणाला.

"आधी मला विचारा," धाकटी म्हणाली. ती सहसा मोठ्यांच्या मध्ये बोलत नसे, पण हल्ली तिला जरा सूट होती. "माझ्या एका हातात बाळ असणार. दुसऱ्या हातात मावेल तो कॅमेरा. दादांचा मी उचलून बघितला, त्याने वरवंट्याचं काम होईल."

"मला तर ती रिंगच नको," वहिनीने नवऱ्याची बाजू घेण्याचं काहीही कारण नसल्यासारखं म्हटलं. "एक डोळा मिटा, रिंग फिरवा, पुन्हा फिरवा. तोवर पोर दहावीला जाईल."

"अगं, तू कुणाच्या बाजूची?" थोरल्याने विचारलं.

"मी माझ्या डोळ्यांच्या बाजूची."

सगळे हसले. थोरलाही हसला, पण उशिरा.

"फोटो बघा ना आधी," तो म्हणाला. "यात प्रत्येक फोटोत काचेवर डाग. घड्याळाचा खालचा निम्मा भाग गायब. माझ्यात मिनिटामिनिटाच्या रेघा मोजता येतात."

"आपण घड्याळाचे फोटो काढणार आहोत का पण?" आईने विचारलं.

आईने दोन्ही गठ्ठ्यांवरून बोट फिरवलं आणि पदराआड तोंड लपवून हसायला लागली. "बेचाळीस! सात दिवस तीन बाप्ये रोज सकाळी इथे खटाखट काय करतायत म्हणून मी बघत होते. मला वाटलं, घरातल्या कुणाचा तरी येईल फोटो. निदान मी केर काढताना मध्ये आले होते तेव्हा तरी."

"तू आलीस तेव्हा आम्ही थांबलो," छोटूने कबूल केलं.

ताईला हसू आवरेना. आठवडाभर आजारी माणसांची तोंडं बघून आलेल्या तिला हे बरं वाटत होतं. तेवढ्यात छोटू थोरल्याचा गठ्ठा हातात घेऊन पत्ते पिसल्यासारखा मोजू लागला आणि त्याचं बोट थांबलं.

"दादा, चौदाच आहेत."

"असतील."

"माझे एकवीस. तुझे चौदा. सात कुठे गेले?"

"खराब आले होते. टाकून दिले."

"वा रे वा! माझ्या एकवीसच्या एकवीस फोटोंतले डाग मोजायचे आणि आपले खराब सात गुपचूप गायब? म्हणजे कॅमेरा सातपैकी... एकवीसपैकी सात वेळा दगा देतो, आणि तो तू आमच्या गळ्यात मारतोस?"

"कॅमेऱ्याने दगा नाही दिला. माझा हात हलला. माझेच होते ते." थोरला हे टेबलाकडे बघून बोलला.

ताईने चौदा फोटो छोटूच्या हातून घेतले. ती नर्स होती, घड्याळजी नव्हती, पण या घरात जन्मलेल्या माणसाला अक्षरं वाचता यायच्या आधी तबकडी वाचता येते. दहा वाजून एक. दहा वाजून दोन. एक. दोन. एक. तिने सगळे टेबलावर दोन रांगांत मांडले.

"दादा, तुझे तर सातही इथे आहेत," ती म्हणाली. "एक मिनिटवाले सगळे आहेत आणि सगळे छान आहेत. छोटूचेही सात आहेत. ठीक दहाचा एकही नाही."

भिंतीवरची वीस-पंचवीस घड्याळं तेवढी बोलत राहिली.

"अण्णांचे काढलेस तू," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला. "आधी म्हणे आराम करा. मग अवघड कामं स्वतःकडे ओढलीस, वहिनीनेच सांगितलं मला. आणि आता साध्या फोटोच्या गठ्ठ्यातूनही त्यांना बाहेर काढलंस? एवढी घाई झालीय तुला त्या खुर्चीची?"

मूग गिळून बसण्यात थोरला लहानपणापासून पटाईत होता, पण आज त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून ताई मधेच अडखळली.

*

अण्णांच्या खिशात मोठ्या घड्याळाची किल्ली होती. आठ महिने ते तिच्याभोवती मूठ आवळून बसत. किल्ली घट्ट धरली की हात गप्प राही. निदान खिशात तरी.

समोर पोराला चोर ठरवलं जात होतं आणि पोरगा चोरी कबूल करत होता. अण्णांना एकदम स्वतःचीच लाज वाटली. आपल्या हाताची नव्हे, त्या हाताला लपवण्याची. इतके दिवस आपण मुलाला सांभाळून घेतोय असं ते स्वतःला सांगत होते. दुकानात दोन खोटी माणसं समोरासमोर बसतात आणि दोघंही दुसऱ्याच्या भल्यासाठी खोटं बोलतात, हा काय तमाशा होता?

"आण ते सात," ते म्हणाले.

"अण्णा, राहू द्या ना," थोरला म्हणाला.

"आण म्हणतो ना. तू काही टाकलेले नाहीस. तुझ्या हातून जुना वॉशरसुद्धा टाकवत नाही. ब्रशांच्या डब्याखाली असतील."

थोरला उठला, खण उघडला आणि सात फोटो आणून ठेवले. कुणी काही म्हणायच्या आत अण्णांनी खिशातला हात बाहेर काढला आणि टेबलावर, स्क्रूंच्या पत्र्याच्या डबीजवळ ठेवला. हात थरथरत होता. डबीतले बारीक स्क्रू किणकिण वाजू लागले.

"हे असं आहे," अण्णा म्हणाले. "त्याचा कॅमेरा चांगला आहे. माझा हात वाईट आहे. आणि त्याने तेवढंच लपवलं."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. छोटू फोटोंकडे बघत राहिला. ताईच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आठ महिने," अण्णा आणि थोरला एकाच वेळी म्हणाले, आणि एकमेकांकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं ते मला ठाऊक होतं," अण्णा थोरल्याला म्हणाले. "माझ्या मागून घड्याळं उघडतोस तू संध्याकाळी."

"कसं कळलं तुम्हाला?"

"झाकण! झाकण लावताना त्यावरचा छाप बाराच्या समोर यावा. तू लावलंस की तो जरासा एककडे झुकतो. पोरगा होतास तेव्हापासून. दोनशे वेळा सांगितलं असेल. सकाळी फळीवर बघितलं की मला कळायचं, काल साहेबांनी हे उघडलं होतं."

थोरला एकदम हसला आणि हसता हसताच त्याने बाहीने डोळे पुसले. "सतरा घड्याळं उघडली मी, अण्णा. रोज वाटायचं, आज तुम्हाला कळेल आणि तुम्ही खाली यायचंच बंद कराल."

"सोळा."

"सतरा. मी मोजलीत."

"सोळाच. एक मी मुद्दाम चुकवून ठेवलं होतं. तू उघडतोस की नाही ते बघायला."

पहिल्यांदा वहिनी हसली, मग छोटू, आणि मग सगळं दुकान हसत सुटलं. हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. पण आठ महिन्यांचा दम एकदम सुटला की तो हसण्यातूनच सुटतो. अण्णांना छातीवरची फरशी कुणी उचलावी तसं हलकं वाटलं. त्यांना वाटलं होतं, हे बाहेर पडेल तो दिवस आपला दुकानातला शेवटचा असेल. तो दिवस येऊन गेलाही होता आणि ते अजून आपल्याच खुर्चीत बसले होते.

ताई मात्र हसत नव्हती. तिने स्टूल ओढलं, बापाच्या समोर बसली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "लोकांच्या बापांची नाडी धरत फिरते मी दिवसभर. आणि आपला बाप पंख्याखाली खिशात हात घालून बसलाय, तर म्हणे थंडी वाजते. दिव्याखाली अंधार." मग ती भावाकडे न बघताच म्हणाली, "दादा, मी फार बोलले रे."

"तू नेहमीच फार बोलतेस," थोरला म्हणाला. "आज निदान कारण होतं."

तिने अण्णांना हात मांडीवर सैल ठेवायला सांगितला. तिथे तो बराच कमी हलला. मग पुढे धरायला सांगितला, तेव्हा थरथरला. मग पाकिटाच्या पाठीवर आतून बाहेर फिरत जाणारी गोल गोल रेघ काढायला लावली. अण्णांनी काढली. रेघ वेडीवाकडी, जागोजाग चेमटलेली.

"अशी स्प्रिंग मी गिऱ्हाइकाला परत केली नसती," अण्णा म्हणाले.

"आणि आजोबा? त्यांचा हात?" ताईने विचारलं.

"शेवटी शेवटी हलायचा. पण चांगले अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले, आणि रोज माझ्यावर ओरडायचे."

"मग तुम्हीही जगाल आणि ओरडाल," ताई म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. "मला तरी भिण्यासारखं काही दिसत नाही. काही घराण्यांत उतरतं हे. तरी या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं. कुरकुर न करता."

(डॉक्टरांनी पुढे नेमकं तेच सांगितलं. अण्णांनी कुरकुर मात्र केली.)

"आणि खुर्ची?" अण्णांनी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.

थोरल्याने फळीवरचं एक मनगटी घड्याळ उचललं आणि बापाच्या कानाजवळ नेलं. "हे काल आलंय. मला काही केल्या सापडत नाही. काय झालंय?"

अण्णांनी डोळे मिटले. "चौथ्या ठोक्याला लंगडतंय," ते म्हणाले. "दात्यात मळ आहे. मधल्या चाकाच्या."

"बघा. हे मला उघडून अर्धा दिवस कळलं नसतं. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं. हात मी चालवतो."

"आणि झाकण?"

"बाराच्या समोर लावीन."

"तेवढं तुझ्याने व्हायचं नाही," अण्णा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

*

आईला हे सगळं नवीन नव्हतं. रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाचा हात हलतो, हे बायकोला सांगावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात बशीत चहा सांडला तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं बघितलं होतं, की दुसऱ्या दिवसापासून ती मुकाट्याने अर्धा कप भरू लागली. अर्धा दोनदा. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. आता पोरं एकमेकांशी मोकळेपणी बोलताना ऐकून तिला वाटलं, आपणही त्या लपवाछपवीत होतोच की. घरात तीन माणसं एकच गुपित तीन खिशांत घेऊन फिरत होती.

तिकडे भांडण पुन्हा सुरू झालं होतं, पण आता उलटं.

"छोटूचाच घ्यायचा," थोरला म्हणत होता. "त्याच्या कॅमेऱ्यात अण्णांचे सातही फोटो नीट आलेत. बघ, ठीक दहाचे, एकही हललेला नाही. अण्णांना फोटो काढता आले पाहिजेत."

"नाही, दादाचा घेऊ," छोटू म्हणत होता. मघाचं बोलणं त्याला टोचत होतं. "वजन असलं तरी चालेल. मी धरीन बाळाला."

"तू? बाळाला?" धाकटी म्हणाली. "तुला चहाचा ट्रे सरळ धरता येत नाही. दादा म्हणतात तेच बरोबर."

"अगं, मघाशी मी तुझ्याच बाजूने बोलत होतो!"

"मग आता दादांच्या बाजूने बोल. तीच माझी बाजू आहे."

"पुरे," आई म्हणाली. तिने काळा कॅमेरा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा ती कॅमेरा हातात घेत होती. हलका होता, भाजीच्या पिशवीत जाईल एवढा. "मला जमेल तो घ्या. घरात दिवसभर मी असते. पोर पहिल्यांदा बसेल, रांगेल, ते मला दिसणार. तुम्ही तिघं तेव्हा खाली बसून घड्याळं बघत असाल." तिने डोळा लावला आणि अण्णांकडे रोखला. "हा घ्यायचा. ठरलं."

ठरलं. सात दिवसांच्या चाचणीने जे झालं नाही, ते अर्ध्या मिनिटात झालं. थोरल्याने धातूचा कॅमेरा पुसून पिशवीत ठेवला. उद्या परत करायचा होता. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

छोटूने नवा रोल भरला. "यात अजून एक गंमत आहे. हे बटण दाबून ठेवून दिला की दहा सेकंदांनी स्वतःच फोटो काढतो. म्हणजे सगळे फोटोत."

स्टुलावर घड्याळांचे तीन खोके, त्यांवर कॅमेरा. सगळे मोठ्या घड्याळाखाली जमले. अण्णा मध्ये टेबलापाशी, शेजारी आई, मागे थोरला आणि ताई खांद्याला खांदा लावून, बाजूला वहिनी, धाकटी खुर्चीत पाय उंच करून.

"फ्लॅश बंद ठेव रे," थोरला ओरडला. "पुन्हा काचेवर डाग नको."

"उजेड कमी आहे. मग कुणी हलायचं नाही हं," छोटू म्हणाला.

आईने पाहिलं, अण्णांचा हात सवयीने खिशाकडे निघाला होता. त्याआधी तिने किटली उचलली आणि त्यांच्या पुढ्यातला कप भरला. काठोकाठ.

अण्णांनी कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "सांडेल," ते हळूच म्हणाले.

"सांडू दे की. पुसायला मी आहे, ही पाच माणसं आहेत."

अण्णांचा हात खिशापर्यंत गेलाच नाही. त्यांनी तो टेबलावर, कपाशेजारी ठेवला, सगळ्यांच्या समोर. छोटूने बटण दाबलं आणि धावत येऊन धाकटीमागे उभा राहिला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. दहा सेकंद अख्खं घर जागच्या जागी थांबलं. थोरल्याने मनातल्या मनात ठोके मोजले, आणि त्याला खात्री होती, अण्णाही मोजत होते.

*

चार दिवसांनी थोरला स्टुडिओत गेला, तेव्हा स्टुडिओवाला त्याची वाटच बघत होता.

"आली बुवा माणसं!" तो म्हणाला. "छान आलाय हो. ही कोण, बहीण? हसतात किती छान. सगळं कसं स्वच्छ, मागच्या घड्याळात मिनिटंसुद्धा वाचता येतात." मग त्याने फोटोच्या मध्यावर बोट ठेवलं. टेबलावर एक भरलेला कप होता आणि कपाशेजारी, जिथे अण्णांचा उजवा हात असायला हवा, तिथे एक धूसर पांढुरकी हालचाल होती. "एवढंच जरा बिघडलं. आजोबांचा हात हलला. पुन्हा काढा एक."

थोरल्याने फोटो उजेडात धरला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आलाय. हलतोच तो. याच्या सात कॉप्या काढा."